मूल गेल्यानंतर : काय पूर्ण करता येते आणि काय तसेच राहू द्यावे

मूल गेलेल्या आईवडिलांच्या सांत्वनाला येणारी माणसे बहुतेक वेळा एकच आश्वासन देऊन जातात, की काळ हेच औषध आहे. महिने उलटतात, औषध लागू पडल्याचे चिन्ह दिसत नाही, आणि मग आईवडिलांना वाटू लागते की उणीव आपल्यातच आहे; बाकीचे सावरतात, आपल्यालाच ते जमत नाही. हा मजकूर अशा आईवडिलांसाठी आणि त्यांच्या अगदी जवळच्या माणसांसाठी आहे. त्यामागची भूमिका आधीच स्पष्ट केलेली बरी : मुलाच्या मृत्यूचे दुःख एखाद्या तारखेला संपत नाही, आणि ते संपवून दाखवणे हे कुणाचे कर्तव्यही नाही. मात्र त्या दुःखाला चिकटून कितीतरी गोष्टी अर्धवट राहिलेल्या असतात. न घेतलेला निरोप, न कळलेले कारण, महिनोन्‌महिने न उघडलेले कपाट, नवराबायकोच्या मनातच राहिलेला आरोप, अशा या गोष्टी असतात. त्या एकेक करून हाती घेता येतात, त्यातल्या बऱ्याच पूर्णही करता येतात, आणि जे उरते ते घेऊन जगणे त्यानंतर थोडे शक्य होते.

मानसशास्त्रालाही हे कळायला वेळ लागला. गेलेल्या माणसात गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे म्हणजे शोकाचे काम, असे मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ साली मांडले होते. पुढे तीनच वर्षांनी, जानेवारी १९२० मध्ये, त्यांची मुलगी सोफी फ्लूने गेली. १९२९ साली सोफीच्या वाढदिवशी, मुलगा गमावलेल्या एका मित्राला पत्र लिहिताना त्याच फ्रॉइडनी कबूल केले की शोकाची तीव्रता ओसरते, पण समाधान होत नाही. ती जागा दुसऱ्या कशाने भरली तरी ते दुसरेच असते, आणि ते तसेच असणे योग्य आहे. १९६९ पासून प्रसिद्ध झालेल्या शोकाच्या पाच अवस्था (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) यासुद्धा मुळात मृत्यूच्या वाटेवर असलेल्या रुग्णांशी बोलून मांडलेल्या होत्या. त्यामुळे आपण सध्या कोणत्या अवस्थेत आहोत आणि पुढची कधी येणार, हा हिशेब सोडून द्यावा. गेल्या तीसेक वर्षांतले अभ्यासक तर गेलेल्या मुलाशी नाते चालू राहणे हे निरोगी शोकाचेच रूप मानतात.

निरोप राहून गेला असेल तर

हा भाग आईवडिलांच्या आधी जवळच्या नातेवाइकांनी वाचावा, कारण त्या पहिल्या काही तासांत निर्णय घेण्याची शक्ती त्यांच्यातच उरलेली असते. आपल्याकडे लहान मुलाला सहसा अग्नी न देता पुरतात, आणि बाळ जन्मतःच किंवा थोड्या दिवसांत गेले असेल तर घरातले पुरुष घाईघाईने ते उरकून येतात. आई वॉर्डमध्येच असते. 'तिला बघवणार नाही' असे म्हणून तिला विचारलेही जात नाही, आणि पुढे ती वर्षानुवर्षे विचारत राहते की त्याचे नाक कसे होते, केस किती होते, त्याला नेमके कुठे ठेवले. हे टाळणे अवघड नाही. आईला एकदा विचारावे की बाळाला पाहायचे आहे का, जवळ घ्यायचे आहे का. ती नाही म्हणाली तर तासाभराने पुन्हा विचारावे आणि मग ती म्हणेल ते मानावे. तिची तेव्हा तयारी नसली तरी घरातल्या एकाने फोटो काढून आपल्यापाशी जपून ठेवावा, आणि तो आहे एवढेच तिला सांगून ठेवावे. हातापायाचे ठसे शाईच्या पॅडवर कागदावर घेता येतात. नर्सला विनंती केल्यास ती बहुधा मदत करते. मनगटावरची रुग्णालयाची पट्टी, दुपटे, टोपडे, जावळाची एखादी बट यातले काहीही टाकून देऊ नये. दफनाची जागा लिहून ठेवावी : स्मशानभूमीचे नाव, दिशा, जवळचे झाड किंवा भिंत.

अपघातात गेलेल्या मोठ्या मुलाच्या बाबतीत थोडी वेगळी काळजी घ्यावी लागते. आईवडिलांच्या आधी दुसऱ्या कुणी आत जाऊन पाहून यावे आणि काय दिसेल हे त्यांना नेमक्या शब्दांत सांगावे. चेहरा पाहण्यासारखा नसेल तर झाकून ठेवून हात धरता येतो. काय पाहायचे हे माहीत असलेला माणूस दुःखाने कोसळला तरी धास्तीने कोसळत नाही, आणि न पाहिलेल्याची कल्पना पुष्कळदा पाहिलेल्यापेक्षा जास्त छळते.

ज्यांच्या हातून हे सगळे निसटले आहे, त्यांनाही काही करता येते. ज्याने बाळाला नेले त्या काकाला किंवा मामाला बसवून घेऊन सगळे विचारावे, एकदा त्याच्याबरोबर त्या जागी जाऊन यावे. तो माणूसही हे ओझे कुणाला न सांगता बाळगून असतो, असा अनुभव वारंवार येतो. जे बोलायचे राहिले ते मुलाला पत्र लिहून सांगावे. त्या पत्राचे पुढे काय करायचे, ते पुरायचे, नदीत सोडायचे की कपाटात ठेवायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

एका शारीरिक गोष्टीविषयी कुणी बोलत नाही, म्हणून इथे सांगणे भाग आहे. बाळ गेल्यानंतरही दोनचार दिवसांत आईला दूध येते, आणि त्यासाठी तिला कुणी तयार केलेले नसते. घट्ट पण न काचणारा आधार, थंड पाण्याच्या पट्ट्या आणि फारच ठणका लागला तर थोडेसेच दूध काढणे एवढे घरी करता येते. दूध आटण्याची गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आणि ताप आला किंवा स्तन लाल झाले तर त्याच दिवशी दाखवावे. एखाद्या आईला हे दूध दुसऱ्या बाळांना द्यावेसे वाटते. तिने जवळ मातृदुग्धपेढी आहे का याची रुग्णालयात चौकशी करावी. आशियातली अशी पहिली पेढी मुंबईतल्या सायन रुग्णालयात १९८९ साली सुरू झाली. कुणी हे सुचवले म्हणून दूध दिलेच पाहिजे असे मुळीच नाही.

विधींचा उपयोग आणि विधींचा काच

दहावा, तेरावा, गोडाचे जेवण, पहिले सण, वर्षश्राद्ध ही रचना मोठ्या माणसाच्या मृत्यूत घराला हाताला धरून पुढे नेते. लहान मुलाच्या बाबतीत पुष्कळ घरांत ती रचनाच नसते. सुतक अल्प, दशक्रिया नाही, श्राद्ध नाही; शास्त्राच्या दृष्टीने त्याची गरज नाही असे गुरुजी सांगतात, आणि आईवडिलांना ते असे ऐकू येते की तुमच्या मुलाची गणतीच नाही. अशा वेळी आपणच एक दिवस ठरवावा. चार जिव्हाळ्याची माणसे बोलवावीत, मुलाचे नाव सर्वांसमोर मोठ्याने उच्चारावे, नाव ठेवले नसेल तर त्या दिवशी ठेवावे. नामजप, पसायदान, दिवा, झाड लावणे, जे आपल्या घराला शोभेल ते करावे. बौद्ध कुटुंबांत जलदान विधी आणि पुण्यानुमोदन, ख्रिस्ती कुटुंबांत स्मरणार्थ मिस्सा, मुस्लिम कुटुंबांत दुआ आणि कबरीला भेट, अशी ज्याची त्याची चौकट असते. ती मुलाच्या वयानुसार आखडली जात असेल तर आपल्या धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलावे. बरेचदा ते आपल्या अपेक्षेपेक्षा समजूतदार निघतात.

जाणत्या मुलाचा दहावा होत असेल तर कावळ्याची तयारी मनाशी आधीच करावी. पिंडाला कावळा शिवला नाही की घाटावरची माणसे विचारू लागतात, त्याची इच्छा काय राहिली होती, आणि आईवडील एकेक वचन देत उभे राहतात : तुझ्या बहिणीला शिकवू, तुझी गाडी विकणार नाही, तुला रागावलो त्याची माफी कर. काहींना या बोलण्याने खरोखर मोकळे वाटते. पण कावळा आलाच नाही तर मूल अतृप्त गेले ही सल आयुष्यभर राहू शकते. कावळे येणे-न येणे हे वेळ, गर्दी आणि घाटावर त्या दिवशी पडलेले पिंड यांवर अवलंबून असते, आणि शास्त्रानेही दर्भाच्या कावळ्याची सोय करून ठेवली आहे. गुरुजींना आधीच सांगून ठेवावे की फार वेळ थांबवू नका, दर्भाचा कावळा करून विधी पूर्ण करा. मुलाला अग्नी कुणी द्यायचा हाही असाच प्रश्न आहे. काही घराण्यांत बापाला यातून बाजूला ठेवतात. तसे करण्यापूर्वी बापाला विचारावे, कारण कुणाला ते अशक्य वाटते आणि कुणाला ते आपले शेवटचे काम वाटते.

'का' या प्रश्नाचे काय करायचे

मूल गमावलेल्या माणसाच्या डोक्यात हा प्रश्न दोन रूपांत फिरत असतो. एका रूपाला उत्तर असते : नेमके काय झाले, कशामुळे झाले, ते टाळता आले असते का. दुसऱ्याला नसते : आमच्याच वाट्याला का. पहिल्या प्रश्नाची उत्तरे मिळवण्यासाठी जे करता येईल ते सगळे करावे. तीही मिळाली नाहीत तर दोन्ही प्रश्नांचा गुंता होतो आणि तो सोडवणे फार अवघड जाते.

रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर उपचारांच्या कागदपत्रांची प्रत लेखी अर्ज करून मागावी. २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाचे कागद ३ वर्षे जपावे लागतात. मृत बाळ जन्मले असेल तर बाळाची व वारेची तपासणी करायची की नाही हे लगेच ठरवावे लागते. पुढच्या गरोदरपणाचा विचार असेल तर ही तपासणी फार मोलाची ठरते. आकस्मिक मृत्यूत शवविच्छेदनाचा अहवाल आणि व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला असल्यास त्याचा अहवाल यायला वेळ लागतो. तो आणण्यासाठी पोलीस ठाण्याच्या खेपा आईवडिलांऐवजी एखाद्या खंबीर नातेवाइकाने घालाव्यात.

त्यानंतर, साधारण महिना-दीड महिन्याने, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची स्वतंत्र वेळ मागावी. प्रश्न घरीच लिहून न्यावेत, सोबत एक माणूस फक्त उत्तरे टिपायला न्यावा, आणि ज्या प्रश्नाची सगळ्यांत जास्त भीती वाटते तोच आधी विचारावा : आम्ही आदल्या रात्रीच आणले असते तर फरक पडला असता का? बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असे असते. कधीकधी ते 'कदाचित' असे असते, आणि तेही ऐकण्याची तयारी हवी. अशा वेळी एक साधा उपाय उपयोगी पडतो. कागदावर मधोमध रेघ ओढावी. एका बाजूला त्या रात्री आपल्याला काय काय माहीत होते ते लिहावे, दुसऱ्या बाजूला नंतर जे कळले ते लिहावे. स्वतःवरचे जवळजवळ सगळे आरोप दुसऱ्या बाजूच्या माहितीवर उभे असतात, हे लिहिल्याखेरीज दिसत नाही.

मुलाने आत्महत्या केली असेल तर हा प्रश्न अधिकच निर्दय होतो, कारण सगळे घर, शेजार आणि कधी वर्तमानपत्रही एक कारण शोधत असते : निकाल, मोबाइल काढून घेतला, वडील ओरडले. आत्महत्येमागे एकच कारण असणे विरळा. आजार, ताण, एकाकीपण आणि त्या क्षणीचा आवेग असे पुष्कळ काही एकत्र आलेले असते. शेवटचे भांडण हे शेवटचे होते म्हणून ते कारण ठरत नाही, कारण तशी भांडणे लाखो घरांत रोज होतात. चिठ्ठी असेल तर ती पोलीस ताब्यात घेतात. तिची प्रत मागावी, आणि ती कधी वाचायची हे स्वतः ठरवावे.

दाद मागायची असेल तर मुदती लक्षात ठेवाव्यात. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढील दाव्याला एप्रिल २०२२ पासून ६ महिन्यांची मर्यादा आहे, आणि ग्राहक आयोगाकडील तक्रारीला २ वर्षांची. दावा जरूर करावा, पण तो शोकापासून वेगळा ठेवावा. न्यायालयातले प्रकरण वर्षानुवर्षे चालते, आणि निकाल लागला की मन शांत होईल असे ठरवून बसलेल्या माणसाचे जगणे प्रत्येक तारखेगणिक पुढे ढकलले जाते.

कागद आणि फोन

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी लागते. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर ती माहिती रुग्णालय कळवते, घरी झाला असेल तर घरच्यांनी कळवायची असते. दाखल्याच्या चारपाच प्रती घ्याव्यात आणि नावाचे लेखन तपासावे. विमा किंवा बँक खात्यात मुलाचे नाव वारस म्हणून लावले असेल तर ते बदलणे काही महिन्यांनी केले तरी चालते. मात्र शाळा, शिकवणीचे वर्ग आणि बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना यांना एका नातेवाइकाने पहिल्याच आठवड्यात कळवावे, नाहीतर फीचे, परीक्षेचे आणि लसीच्या पुढच्या डोसचे संदेश आईच्या फोनवर येत राहतात. केंद्र सरकारी नोकरीतील महिलेला मृत बाळ जन्मल्यास किंवा जन्मल्यावर लवकरच बाळ गेल्यास ६० दिवसांची विशेष रजा मिळते, तसा आदेश सप्टेंबर २०२२ मध्ये निघाला आहे; गर्भपातानंतर ६ आठवड्यांची रजा १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यापासूनच आहे. बापासाठी कायद्यात अशी काही सोय नाही, आणि हे समाज बापाच्या दुःखाकडे कसे पाहतो याचेच चिन्ह आहे.

मुलाचा मोबाइल कुणालाही देऊ नये, आणि पासवर्ड माहीत नाही म्हणून दुकानात नेऊन रिसेट करून घेऊ नये. प्रीपेड सिम ९० दिवस वापरले नाही तर बंद होऊन तो क्रमांक दुसऱ्याला जाऊ शकतो, व्हॉट्सॲपचे खाते १२० दिवसांच्या निष्क्रियतेनंतर काढून टाकले जाते आणि गूगल खाते २ वर्षांनंतर. त्यामुळे सिमला रिचार्ज करत राहावे आणि एखाद्या विश्वासू भाच्याकडून किंवा पुतण्याकडून फोटो, व्हिडिओ व आवाजाचे संदेश दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्यावेत. ते आत्ताच पाहायचे, ऐकायचे असे नाही. पण मुलाचा आवाज कुठेतरी शाबूत आहे ही खात्री पुढे फार आधार देते.

एकाच घरातली दोन माणसे

आई दिवसभर मुलाच्या कपड्यांशी बसलेली असते आणि बाप पंधराव्या दिवशी कामावर जातो. तिला वाटते याला काहीच वाटले नाही, त्याला वाटते ही मला घरी यायला जागाच ठेवत नाही. कधी हे नेमके उलटही असते. नेदरलँड्समधील मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ साली मांडले की शोक करणारे माणूस दोन टोकांमध्ये सतत ये-जा करत असते : कधी ते गमावलेल्याकडे वळते, कधी उरलेल्या आयुष्याच्या कामांकडे. दोन्ही शोकच आहेत, आणि दोन्ही लागतात. नवराबायकोची अडचण अशी, की एकाच दिवशी एकाच टोकाला दोघे क्वचित असतात.

म्हणून आठवड्यातला एक ठरावीक वेळ मुलाविषयी बोलण्यासाठी राखावा, अर्धा तास पुरे. त्या वेळात जो बोलायला पुढे आलेला नाही त्याने निदान ऐकावे, आणि त्या वेळेबाहेर जो कामात आहे त्याला कामात राहू द्यावे. आरोप मनात असेल तर तो प्रश्नाच्या रूपात मांडावा. 'तूच त्याला गाडी दिलीस' याऐवजी 'गाडी देताना तुला काय वाटले होते' असे विचारले की निदान उत्तर मिळण्याची शक्यता राहते. शरीरसंबंधांविषयी एकाला आधार वाटतो आणि दुसऱ्याला अपराध. यात घाई नको आणि गैरसमजही नको. 'दुसरे मूल होऊ द्या' हा सल्ला देणाऱ्याला बोलू द्यावे आणि विषय बदलावा. पुढचे मूल हवे की नको हा निर्णय दोघांचा व डॉक्टरांचा आहे, आणि झालेच तर त्याला गेलेल्याचे नाव देऊ नये. त्याच्या डोक्यावर जन्मापासून दुसऱ्याचे आयुष्य ठेवू नये.

वडीलधाऱ्यांपैकी कुणी बारशाला, डोहाळजेवणाला किंवा हळदीकुंकवाला त्या आईला बोलवायचे टाळत असेल तर नवऱ्याने किंवा सासूने तिथेच स्पष्ट बोलावे. जायचे की नाही हे ती ठरवेल. आमंत्रण मात्र आलेच पाहिजे. मूल गेलेल्या बाईला अशुभ मानणे हा क्रूरपणा आहे, मग तो कितीही हळू आवाजात आणि कितीही जुन्या रीतीचे नाव घेऊन केलेला असो.

भावंडांना काय सांगावे

खरे सांगावे, थोडे सांगावे, आणि विचारतील तितक्या वेळा सांगावे. 'तो झोपला' म्हटले की लहान मूल झोपायला घाबरते. 'बाप्पाला आवडला म्हणून नेला' म्हटले की आपण बाप्पाला आवडू नये म्हणून काय करावे या विचारात पडते. त्याचे शरीर बंद पडले, आता त्याला दुखत नाही, तो परत येणार नाही, एवढे साध्या शब्दांत सांगता येते. पाचसहा वर्षांखालच्या मुलाला 'परत येणार नाही' हे एकदम कळत नाही, म्हणून ते आठवड्याने पुन्हा विचारेल, दादा कधी येणार. रागावू नये. भांडणात 'तू मर' म्हटले होते म्हणून हे झाले असे त्याला वाटत असू शकते. त्याने विचारले नाही तरी आपणच ते नाकारून टाकावे. वाचलेले मूल नेहमीपेक्षा शहाण्यासारखे वागू लागले, रडणे थांबवून आईवडिलांनाच सांभाळू लागले, तर कौतुक करण्याऐवजी त्याला पुन्हा लहान होऊ द्यावे.

वस्तू आणि तारखा

खोली आवरायची घाई पाहुण्यांना असते. त्यांना स्पष्ट सांगावे की अंथरुणाची चादरही आम्हाला विचारल्याशिवाय धुवायची नाही. शेवटचा घातलेला कपडा हवाबंद पिशवीत ठेवला तर त्याचा वास बराच काळ टिकतो. पुढे कधी तयारी होईल तेव्हा नक्की ठेवायचे, नक्की द्यायचे आणि आत्ता ठरवता येत नाही असे तीन गठ्ठे करावेत. तिसरा गठ्ठा सर्वांत मोठा झाला तरी बिघडत नाही. सायकल, पुस्तके, खेळणी कुणाला द्यायची असतील तर घेणाऱ्याने ती आपल्यासमोर रोज वापरलेली आपल्याला चालणार आहेत का, याचा विचार आधी करावा.

आपल्याकडे तिथी वेगळी आणि तारीख वेगळी, त्यामुळे मृत्यूचा दिवस वर्षातून दोनदा येतो, वाढदिवसही दोनदा. भर म्हणून राखीपौर्णिमा, भाऊबीज, शाळेचा पहिला दिवस आणि त्याच्या वर्गमित्रांचा दहावीचा निकाल. हे दिवस अचानक अंगावर येऊ देऊ नयेत. आठवडाभर आधी घरात ठरवावे की त्या दिवशी कुठे असायचे, कुणाला भेटायचे, फोन घ्यायचे की नाही. त्या दिवसापेक्षा आधीचे दिवसच जास्त जड जातात असे अनेकांना आढळते.

मुलाच्या नावाने काहीतरी मोठे उभारा, असाही आग्रह होतो, आणि उदाहरणे दिली जातात. आनंदीबाई जोशी यांचे बाळ त्या चौदा वर्षांच्या असताना अवघ्या दहा दिवसांत गेले. त्यातून त्या १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. हे खरेच आहे. पण ती त्यांची वाट होती, आणि कोणतीही आई आपल्या बाळाच्या बदल्यात पदवी मागत नाही. ज्याला न्यास काढावासा वाटतो त्याने निदान वर्षभर थांबून काढावा. ज्याला फक्त दर वर्षी एका मुलाची फी भरावीशी वाटते, किंवा काहीच करावेसे वाटत नाही, त्याचे प्रेम कमी ठरत नाही.

मदत कुठे आणि केव्हा

१९६८ साली इंग्लंडमधील कोव्हेंट्रीच्या रुग्णालयात दोन कुटुंबांतली दोन मुले थोड्याच दिवसांच्या अंतराने गेली. तिथले तरुण पाद्री सायमन स्टीव्हन्स यांच्या लक्षात आले की ते आईवडील एकमेकांना जो आधार देतात तो आपल्याला देता येत नाही. त्यातून १९६९ साली 'द कम्पॅशनेट फ्रेंड्स' ही संस्था उभी राहिली आणि ती आता अनेक देशांत आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना तिच्या गटांत सहज जाता येते. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी ७ वाजता जगभर मुलांच्या आठवणीत मेणबत्त्या लावण्याची प्रथा याच संस्थेची. आपल्या गावात असा गट नसेल तर डॉक्टरांना, शाळेला किंवा ओळखीच्यांना विचारून अशा एका दुसऱ्या कुटुंबाची गाठ घालून घ्यावी. दोन कुटुंबे पुरेशी असतात.

व्यावसायिक मदत घेण्यासाठी 'वेड लागावे' लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात लांबलेला शोक हा स्वतंत्र आजार मानला जातो. त्यात निदान ६ महिन्यांचा काळ धरला असून समाजाच्या रीतींचाही विचार करायला सांगितले आहे. मुलाच्या बाबतीत ६ महिने फार थोडे आहेत असे माझे मत आहे, पण वर्ष उलटूनही जवळजवळ रोज, दिवसभर तीच ओढ, जेवणखाण, काम, उरलेल्या मुलांकडे पाहणे अशक्य, किंवा दारूचे प्रमाण वाढलेले, असे असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. शेजाऱ्यांनी दिलेली झोपेची गोळी घेऊ नये, आणि रक्तदाब-मधुमेहाच्या सुटलेल्या गोळ्या आधी सुरू कराव्यात.

'मलाही त्याच्याकडे जायचे आहे' असा विचार या दुःखात पुष्कळांना येतो. तो बोलून दाखवणाऱ्याला गप्प करू नये. कसे आणि केव्हा हे मनात ठरले आहे का, असे सरळ विचारावे. विचारल्याने धोका वाढत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, औषधे, कीटकनाशके हाताशी ठेवू नयेत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि मराठीतही बोलता येते.

'तुम्हाला मुले किती?'

हा प्रश्न रेल्वेत, लग्नात, नव्या शेजाऱ्यांकडून येणारच, म्हणून त्याची उत्तरे घरीच तयार करून ठेवावीत, एक नव्हे तर दोन-तीन. जिथे पुन्हा भेट व्हायची नाही तिथे हयात मुलांची संख्या सांगून विषय संपवला तर गेलेल्याचा विश्वासघात होत नाही. जिथे ओळख वाढणार आहे तिथे 'दोन. थोरला गेला' एवढे म्हणता येते, आणि समोरचा गडबडला तर त्याला सावरण्याची जबाबदारी तुमची नाही. नवराबायकोंनी आपापली उत्तरे एकमेकांना सांगून ठेवावीत, कारण एक जण 'एक' आणि दुसरा 'दोन' म्हणाला की त्या क्षणी समोरच्यापेक्षा एकमेकांनाच जास्त लागते. आणि धाकट्या मुलालाही विचारून घ्यावे, की शाळेत बाईंनी भावंडे विचारली तर त्याला काय सांगायला आवडेल.